विश्व सपाट निघालं, मग ते अनंतच का?

रेवातीर

नमस्कार मंडळी,

गेले काही आठवडे रात्री विश्वरचनाशास्त्रावरची व्याख्यानं ऐकतेय. विषय माझा नाही. पोटापाण्यासाठी ऑडिट करते, त्यामुळे आकडे जुळले नाहीत की अस्वस्थ व्हायला होतं, आणि इथे तर ते अजिबात जुळत नाहीयेत.

विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. दिसू शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या मात्र सुमारे ४६.५ अब्ज प्रकाशवर्षं. प्रकाशापेक्षा जोरात काही जात नाही हे शाळेपासून घोकलंय. मग १३.८ अब्ज वर्षांत प्रकाशाने ही मजल मारली कशी?

त्याहून मोठी अडचण आकाराची. प्लँक उपग्रहाचे २०१८चे निकाल आणि दीर्घिकांची सर्वेक्षणं एकत्र धरली की विश्वाच्या वक्रतेचा आकडा येतो ०.०००७, अधिक-उणे ०.००१९. म्हणजे शून्याला चिकटूनच. यावरून एक व्याख्याते ठामपणे म्हणाले, "अर्थात विश्व अनंत आहे." दुसऱ्या बाईंनी तोच आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, "विश्व सांत की अनंत, हे यावरून कळत नाही." दोघंही मोठ्या विद्यापीठांतले. पुरावा तोच, निष्कर्ष दोन. आमच्याकडे असं झालं तर नोटीस येते.

शिवाय एक जुनी शंका आहेच. सगळं एका बिंदूतून सुरू झालं म्हणतात. अनंत विश्व बिंदूत मावलं कसं? आणि अनंत नसेल तर त्याला कड हवी. कडेपलीकडे काय?

जाणकारांनी उजेड पाडावा. आगाऊ विनंती: फुग्याचं उदाहरण नको. फुग्याच्या आत हवा असते आणि बाहेर खोली असते, तिथेच माझं डोकं अडकतं.

---

अर्धा_चहा

वाचतोय. पहिला नंबर माझा.

---

मोडकी_दुर्बीण

रेवाताई, आधी ४६ अब्जांचं बघू, ते सोपं आहे.

वेगमर्यादा अवकाशातून धावणाऱ्या वस्तूला आहे. दोन दीर्घिकांमधलं अवकाशच ताणलं जात असेल, तर त्यांच्यातलं अंतर किती झपाट्याने वाढावं यावर अशी मर्यादा नाही. प्रत्यक्ष उदाहरण घ्या. जेम्स वेब दुर्बिणीला सापडलेली जेडीज-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका २०२४ साली जाहीर झाली. तिचा जो प्रकाश आपण पकडला तो निघाला तेव्हा विश्वाचं वय तीस कोटी वर्षांच्या आसपास होतं. त्या वेळी ती आपल्यापासून (म्हणजे ज्या द्रव्यातून पुढे आपली आकाशगंगा झाली त्याच्यापासून) अवघी २.२ अब्ज प्रकाशवर्षं दूर होती. तरी प्रकाशाला इथे पोचायला साडेतेरा अब्ज वर्षं लागली.

कारण निघाल्यानंतर बराच काळ तो आपल्या दिशेने धावत होता आणि तरीही आपल्यापासून लांब जात होता. मधलं अवकाश त्याच्यापेक्षा वेगाने वाढत होतं. विश्व साधारण चार अब्ज वर्षांचं होईपर्यंत तो पावणेसहा अब्ज प्रकाशवर्षांवर गेला, आणि मग कुठे त्याची सरशी सुरू झाली. तीच दीर्घिका आज, या घटकेला, जवळपास ३४ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे.

सीएमबी, म्हणजे सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण, याची गोष्ट आणखी टोकाची. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी तो प्रकाश मोकळा झाला. तो जिथून निघाला ती जागा तेव्हा फक्त ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर होती. विश्व तेव्हापासून सुमारे १०९० पट ताणलं गेलंय. गुणाकार करा, ४६ अब्जांच्या जवळ येता.

---

उंटावरचा_शहाणा

३४ अब्ज "आज, या घटकेला" हे टेप लावून कुणी मोजलं म्हणे? दुसरं टोक कुणी धरलं होतं?

---

दक्षिणायन

@उंटावरचा_शहाणा, खवचटपणा असला तरी मुद्दा रास्त आहे. कुणीच मोजलेलं नाही. मोजतात ती रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी किती पट ताणली गेली ते. बाकी सगळं प्रतिमानातून काढलेलं गणित. द्रव्य किती, डार्क एनर्जी (प्रसरणाला वेग देणारी, अजून न उमगलेली ऊर्जा) किती, प्रसरणाचा दर किती, हे भरलं की अंतर बाहेर पडतं. ताईंच्या भाषेत, रेडशिफ्ट ही मूळ पावती आणि ३४ अब्ज ही त्यावरून केलेली नोंद.

आता वक्रतेकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. (पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी सीएमबीच्या नकाशांवर काम केलंय, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

अवकाश वक्र आहे का हे बाहेर उभं राहून बघता येत नाही, पण आतून त्रिकोण मोजता येतो. सपाट अवकाशात तीन कोनांची बेरीज १८० अंश. धन वक्रता असेल तर जास्त, ऋण असेल तर कमी. त्रिकोण जितका मोठा तितका फरक ठळक. तेव्हा हवा विश्वाएवढा त्रिकोण आणि त्याची एक बाजू आधीपासून ठाऊक असलेली.

ती बाजू आपल्याला फुकटात मिळाली आहे. सुरुवातीचं विश्व म्हणजे तापलेला प्लाझ्मा (सुट्या इलेक्ट्रॉन-अणुकेंद्रांचं मिश्रण), आणि त्यात ध्वनिलहरी धावत होत्या, प्रकाशाच्या वेगाच्या ५८ टक्क्यांपर्यंतच्या वेगाने. ३ लाख ८० हजार वर्षांनी अणू बनले, प्रकाश सुटला आणि लहरी होत्या तिथे गोठल्या. तोवर लहर किती लांब गेली असेल हे भौतिकशास्त्रातून काढता येतं. आजच्या मापात ते अंतर ४७ कोटी प्रकाशवर्षं. हा झाला त्रिकोणाचा पाया. उरलेल्या दोन बाजू म्हणजे तिथून आपल्यापर्यंतचा प्रवास, प्रत्येकी ४५ अब्जांच्या वर. सपाट अवकाशात हा पाया आकाशात ०.६ अंशाचा कोन करायला हवा. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्याहून किंचित मोठा. धन वक्रता असती तर तोच पाया मोठा दिसला असता, ऋण असती तर लहान.

१९९८च्या डिसेंबरात बूमरँग नावाची दुर्बीण बलूनला बांधून अंटार्क्टिकावर सोडली. दहाएक दिवसांत खंडाला फेरी मारून ती निघाली तिथे जवळपास परत आली. २०००च्या एप्रिलमध्ये निकाल जाहीर झाले. सीएमबीतले तापमानाचे डाग सपाट अवकाशात अपेक्षित होते तितक्याच रुंदीचे निघाले. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी तो कोन इतका बारीक मोजला की विश्वरचनाशास्त्रात त्याच्याइतकी नेमकी राशी क्वचित असेल: ०.५९६५ अंश.

---

अर्धा_चहा

बलूनला बांधून??? दंडवत घ्या. आमच्याकडे पतंग लाइटीच्या तारेपलीकडे जात नाही.

---

मोडकी_दुर्बीण

रच्याकने, हा प्रयत्न फार जुना आहे. कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी १९०० साली, म्हणजे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्याही आधी, ताऱ्यांच्या पराशयांवरून (पृथ्वी फिरते तशी ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते, त्यावरून) अवकाशाची वक्रता तपासली होती. त्यांचा निष्कर्ष असा: ऋण वक्रता असेल तर वक्रतात्रिज्या किमान ६४ प्रकाशवर्षं, धन असेल तर किमान १६०० प्रकाशवर्षं. याहून वाकडं असतं तर तेव्हाच्या दुर्बिणींना कळलं असतं. गणितज्ञ गाऊसने जर्मनीतल्या तीन डोंगरांमधला त्रिकोण मोजला तो याच हेतूने, अशीही कथा सांगतात. त्रिकोण त्याने मोजला हे नक्की, पण तो जमिनीच्या सर्वेक्षणाचा भाग होता, आणि हेतूबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. श्वार्त्सशिल्डचं मात्र छापील आहे.

---

तिरकस_रेघ

आता मी येतो. मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलंच नाही.

दक्षिणायन यांनी मोजलेली गोष्ट वक्रता आहे. वक्रता ही स्थानिक गोष्ट असते, म्हणजे इथल्या इथे अवकाश किती वाकलंय ते. अख्खं अवकाश एकूण कसं जोडलेलं आहे हा वेगळा प्रश्न, त्याला टोपॉलॉजी म्हणतात. आइन्स्टाइनची समीकरणं पहिल्याबद्दल बोलतात. दुसऱ्याबद्दल त्यांचं तोंड बंद.

जुन्या नोकियातला सापाचा खेळ आठवतोय? भिंती नसलेल्या पातळीत साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत यायचा, वरून गेला की खालून. ती पाटी पूर्ण सपाट आहे, त्रिकोणाचे कोन चोख १८०. क्षेत्रफळ मोजकंच. तरी सापाला कड कुठेही लागत नाही. हेच तीन मितींत करा: समोर जा, मागून या, उजवीकडे जा, डावीकडून या, वर जा, खालून या. याला त्रिमित टोरस म्हणतात. सपाट, सांत, बिनकडेचा. बाहेर काही लागतही नाही, कारण तो कशात गुंडाळलेला नाही. कुठली जागा कुठल्या जागेला लागून आहे एवढंच ठरलेलं आहे. ताई, तुमच्या खोलीची इथे गरजच पडत नाही.

आणि हा एकच नमुना नाही. सपाट त्रिमित अवकाश नेमके १८ प्रकारचे असू शकतात हे सिद्ध झालेलं आहे. त्यांतले १० सांत, ८ अनंत. काही तर असे की त्यात सरळ जाऊन परत आलात तर आरशातल्यासारखे उलटे होऊन याल, काळीज उजवीकडे. (भौतिकशास्त्रज्ञांना हे फारसं रुचत नाही, पण गणिताला रुचण्याशी देणंघेणं नाही.)

म्हणून "सपाट, सबब अनंत" हे तुमच्या पहिल्या व्याख्यात्यांचं विधान तर्कातच लंगडं आहे. त्यात "आणि टोपॉलॉजी सगळ्यात साधी आहे" हे गृहीतक गुपचूप शिरलंय. ऋण वक्रतेलाही हेच लागू. घोड्याच्या खोगिराचं चित्र दाखवून "हे अनंत" म्हणतात, पण ऋण वक्रतेची सांत अवकाशंही असंख्य आहेत. उलट दिशेने मात्र गोष्ट पक्की आहे. सगळीकडे सारखी धन वक्रता निघाली तर विश्व सांत असायलाच हवं, सुटका नाही.

---

उंटावरचा_शहाणा

मग समोर बघितलं की स्वतःचंच डोकं मागून दिसायला हवं. दिसतं का?

---

तिरकस_रेघ

तेच तर शोधतायत! विश्व पुरेसं लहान असेल तर तीच दीर्घिका दोन दिशांना दिसेल, पण वेगवेगळ्या वयाची, म्हणून ओळखायची कशी हा वांधा. शाळेतल्या गटफोटोत आजोबा शोधण्यासारखं. त्यापेक्षा बरी युक्ती १९९८ साली कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन यांनी मांडली. सीएमबी आपल्याभोवती गोलाकार पृष्ठासारखं आहे. विश्व त्या गोलापेक्षा लहान असेल तर गोल स्वतःलाच छेदेल, आणि छेद वर्तुळात होईल. म्हणजे आकाशात दोन वेगळ्या दिशांना दोन वर्तुळं, आणि त्यांच्या कडेकडेने तापमानाचे चढउतार अगदी सारखे. डब्ल्यूमॅपच्या नकाशात शोधली, प्लँकच्या नकाशात शोधली. सापडली नाहीत.

मधे २००३ साली ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी मोठी खळबळ उडवली होती. डब्ल्यूमॅपच्या नकाशात मोठ्या कोनांवरचे चढउतार अपेक्षेपेक्षा फारच दबलेले होते. त्यांनी सुचवलं की विश्व बारा पंचकोनी बाजूंचं असेल, एका बाजूतून बाहेर पडलात की समोरच्या बाजूतून आत, थोडं फिरून. लहान खोलीत लांब लहर मावत नाही, म्हणून मोठे चढउतार कमी. कल्पना देखणी. वर्तुळं मात्र तिथेही मिळाली नाहीत.

---

सातारी_कंदी

इथे घरचा उल्लेख करायलाच हवा. या कामात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा वाटा आहे. तरुण सौरदीप यांनी बाँड आणि पोगोस्यान यांच्यासोबत ऋण वक्रतेच्या सांत विश्वांत सीएमबी कसं दिसेल याचं गणित मांडलं होतं. नंतर आयुकातच अमीर हाजियन यांच्याबरोबर, आकाश सगळ्या दिशांना सांख्यिकीदृष्ट्या सारखं आहे का हे तपासायची पद्धत २००३ साली दिली. विश्व सापाच्या पाटीसारखं असेल तर पाटीच्या बाजूंच्या दिशा वेगळ्या उठून दिसणार, हा त्यामागचा एक धागा. बाहेरची नावं घेताना ही राहून जातात.

---

जुनंपुराणं

एवढी यातायात कशाला? आपल्या पूर्वजांनी ब्रह्मांडाचा परीघ योजनांत देऊन ठेवला आहे. सूर्यसिद्धान्त उघडा. पाश्चात्त्य आज शोधतायत.

---

गिरणेकाठचा

उघडला, मालक. पण मग पुढचंही वाचू.

परिघाचा असा आकडा भास्कराचार्यांनीही दिलाय, शके १०७२च्या सिद्धान्तशिरोमणीत: १८,७१२,०६९,२००,०००,००० योजनं. योजन ८ ते १३ किलोमीटरचं धरलं तर हा परीघ सुमारे १६ ते २६ हजार प्रकाशवर्षं होतो. आपली एकटी आकाशगंगाच लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे. तेव्हा "आज शोधतायत" हे काही जुळत नाही.

पण भास्कराचार्यांचा खरा मोठेपणा मला पुढच्या वाक्यात दिसतो. हा आकडा ब्रह्मांडाचा परीघ आहे असं पूर्वीचे लोक म्हणतात, हे नोंदवून ते म्हणतात: ब्रह्माण्डमेतन्मितमस्तु नो वा. ब्रह्मांड एवढं असो वा नसो! एका कल्पात ग्रह जितकी योजनं चालतो तितका हा आकडा आहे, पूर्वीच्यांनी त्यालाच खकक्षा (आकाशाची कक्षा) म्हटलं, असं आमचं मत. म्हणजे हिशेबातून जे निघतं ते स्वीकारलं, आणि जे मोजलेलं नाही त्यावर सही करायला नकार दिला. नऊशे वर्षांपूर्वी. चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, नातू चांगदेवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. आमच्या भागातला माणूस म्हणून नव्हे, पण हे वाचून ऊर भरून येतो. (म्हणून पण.)

---

उंटावरचा_शहाणा

+१. रेवाताईंच्या दुसऱ्या व्याख्यात्या भास्करपंथी निघाल्या.

---

जुनंपुराणं

श्लोकाबद्दल धन्यवाद. हा संदर्भ माहीत नव्हता. योजनाच्या मापावर मतभेद आहेत एवढं नोंदवून थांबतो.

---

रेवातीर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सापाने काम केलं, फुगा गेला.

राहवलं नाही म्हणून एक हिशेब मांडलाय, दक्षिणायन यांनी तपासावा. समजा विश्व बंद आहे, म्हणजे धन वक्रतेचं. (या आकड्यात बंद विश्वाला उणे खूण असते. ज्याने कुणी ठरवलं त्याला माझा नमस्कार.) ०.०००७ मधून दुप्पट चूक, म्हणजे ०.००३८, वजा केली की उणे ०.००३१. ही झाली जास्तीत जास्त वक्रता. तिचं वर्गमूळ ०.०५६. प्रकाशाचा वेग भागिले हबल स्थिरांक (प्रसरणाचा आजचा दर) हे अंतर १४.४ अब्ज प्रकाशवर्षं. त्याला ०.०५६ने भागलं की वक्रतात्रिज्या २६० अब्ज प्रकाशवर्षांच्या घरात. म्हणजे सरळ निघून मूळ जागी परत यायचा फेरा किमान १६०० अब्ज प्रकाशवर्षं, आणि दिसणाऱ्या विश्वाचा व्यास त्यात फक्त ९३ अब्ज. घनफळ काढलं तर एकूण विश्व दिसणाऱ्याच्या सुमारे ८०० पट तरी असणार. बरोबर?

---

दक्षिणायन

चोख. सही-शिक्का मारा. फक्त "किमान" या शब्दाखाली दोन रेघा ओढा, आणि हे गणित टोपॉलॉजी साधी धरून केलंय असं खाली टीप म्हणून लिहा, नाहीतर तिरकस_रेघ परत येतील.

आता तुमच्या आकड्यातली एक अडचण. प्लँकचा सीएमबी एकटाच घेतला, दीर्घिकांची जोड न देता, तर वक्रता शून्य येत नाही. उणे ०.०४४ येते, बंद विश्वाच्या बाजूला. २०१९ साली दी व्हॅलेंतिनो, मेल्किओरी आणि सिल्क यांनी हाच मुद्दा धरून शोधनिबंध लिहिला आणि भांडणाला तोंड फुटलं. त्यांचं म्हणणं, सीएमबी आणि दीर्घिका परस्परविरोधी साक्ष देत असतील तर त्यांची सरासरी काढून "सपाट" म्हणणं गैर.

बहुतेकांचं उत्तर असं: एकट्या सीएमबीत वक्रता आणि प्रसरणाचा दर एकमेकांची भरपाई करू शकतात. थोडं बंद विश्व आणि खूप कमी हबल स्थिरांक घेतला तरी तो ०.६ अंशाचा कोन तसाच राहतो. उणे ०.०४४ खरं मानायचं तर हबल स्थिरांक ५४च्या आसपास उतरतो, आणि कुठलंही प्रत्यक्ष मापन इतकं खाली जात नाही. दीर्घिकांच्या वितरणात तीच ध्वनिलहरींची खूण सापडते, ती जवळच्या अंतरावरचा दुसरा त्रिकोण देते आणि ही संदिग्धता मोडते. माझंही मत याच बाजूचं. पण तिघांनी मांडलेला आक्षेप फालतू नव्हता, आणि त्याला "बातमीसाठी केलेला स्टंट" म्हणणारे मला आवडत नाहीत.

---

अर्धा_चहा

ताईंचा शेवटचा प्रश्न राहिला की. अनंत विश्व बिंदूत कसं मावलं?

---

मोडकी_दुर्बीण

मावलं नाहीच. "विश्व बिंदूएवढं होतं" म्हणतात तेव्हा अर्थ असतो, आज आपल्याला दिसणारा भाग तेव्हा इवलासा होता. अख्खं विश्व अनंत असेल तर ते सुरुवातीलाही अनंतच होतं, फक्त सगळीकडे भयानक दाट आणि तापलेलं. महास्फोट एका ठिकाणी झाला नाही, सर्वत्र झाला. अनंताला हजाराने भागलं तरी अनंतच उरतं.

कडेपलीकडे काय, हा प्रश्न टॅरेंटमच्या आर्कायटसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात विचारलाय: कडेवर उभा राहून हात बाहेर काढला तर? विश्व सांत असेल तर कड असायलाच हवी हे त्याने आणि त्याच्यानंतर दोन हजार वर्षं जवळपास सगळ्यांनी धरून चाललं. आइन्स्टाइनने १९१७ साली सांत पण बिनकडेचं विश्व मांडलं ते यासाठीच, अनंताच्या टोकाला काय अटी घालायच्या ही डोकेदुखी टळावी म्हणून. त्यांचं ते विश्व स्थिर होतं, ते टिकलं नाही. १९२२मध्ये रशियन गणितज्ञ फ्रीडमनने प्रसरणाचा मार्ग दाखवला आणि १९२४मध्ये ऋण वक्रतेचाही. बिनकडेची कल्पना मात्र टिकली.

---

सातारी_कंदी

या चर्चेत नारळीकर सरांची आठवण होतेच. मे २०२५मध्ये गेले. हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी मांडलेल्या प्रतिमानात महास्फोटच नव्हता. विश्व कालातही अनादि-अनंत, आणि पार्श्वप्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, लोहाच्या सुईसारख्या कणांनी शोषून परत सोडलेला. सीएमबीतले ते ध्वनिलहरींचे डाग महास्फोटाचं प्रतिमान ज्या सहजतेने समजावतं तसं या प्रतिमानाला जमलं नाही, आणि बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्यासोबत गेले नाहीत. तरी ते शेवटपर्यंत विचारत राहिले की पुरावा नेमका कशाचा आहे आणि गृहीतक कुठलं.

---

रेवातीर

मग आता निकाल कधी लागणार? यूक्लिड दुर्बीण २०२३मध्ये गेलीय ना वर?

---

दक्षिणायन

यूक्लिड आणि डेझी (दीर्घिकांचं मोठं सर्वेक्षण) मिळून अधिक-उणे ०.००१९ आणखी बारीक करतील. डेझीला त्यातच डार्क एनर्जी काळानुसार बदलते की काय अशी चाहूल लागलीय. तसं निघालं तर वक्रतेचा हिशेबही नव्याने मांडावा लागेल, कारण दोन्ही एकाच गणितात गुंतलेत.

पण या बारकाव्यालाही तळ आहे. आपल्या दिसणाऱ्या भागातच घनतेचे चढउतार आहेत, साधारण लाखात एक इतके. त्यामुळे वक्रता एक दशसहस्रांशाच्या खाली गेली तर ती अख्ख्या विश्वाची की आपल्या कोपऱ्यातला उंचवटा, हे वेगळं काढता येणार नाही. इन्फ्लेशन (अगदी सुरुवातीला विश्व क्षणार्धात प्रचंड फुगलं ही कल्पना) बरोबर असेल तर खरा आकडा बहुधा त्याच्याही खूप खाली दडलेला आहे. आणि वाट बघून भागत नाही. प्रसरण वेग घेतंय, त्यामुळे कितीही थांबलो तरी आजच्या मापात सुमारे ६२ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडचं आपल्याला कधीच दिसणार नाही.

---

तिरकस_रेघ

एक दुरुस्ती. वक्रतेला तळ आहे, टोपॉलॉजीला तो तसाच लागू होत नाही. वर्तुळं सापडली नाहीत म्हणून सगळी लहान विश्वं बाद झाली असं बरेच जण समजत होते. २०२४ साली कॉम्पॅक्ट नावाच्या गटाने दाखवलं की ते घाईचं होतं. सपाट प्रकारांतल्या जरा वळसा घेऊन जोडणाऱ्या अवकाशांत आपल्या जागेवरून वर्तुळं न दिसताही सीएमबीत खुणा राहू शकतात, आणि तसा शोध अजून पुरता झालेला नाही. म्हणजे वक्रतेने हात टेकले तरी विश्व सांत असल्याचा पुरावा उद्या जुन्याच नकाशातून निघू शकतो. अनंत असल्याचा मात्र कधीच निघणार नाही, कारण "अजून सापडलं नाही" याच्या पुढे त्या बाजूला जाताच येत नाही.

१८ प्रकारांची चित्रं काढून वेगळा धागा टाकतो. इथे जागा पुरायची नाही.

---

अर्धा_चहा

टाका टाका. त्यातल्या उजवीकडे काळीज असलेल्यापासून सुरुवात करा.